मी सपाट होणार नाही

मित्रांनो, मी एक जुना चढ आहे. डोंगरावरचा नाही, घाटातला तर मुळीच नाही. वाहन परवान्याच्या कार्यालयामागे परीक्षेचं मैदान आहे ना, त्याच्या एका कडेला दगड, मुरूम आणि सिमेंट घालून मला मुद्दाम उभा केला आहे. एका बाजूने चढायचं, माथ्यावर गाडी जेमतेम मावेल एवढी सपाट जागा आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, एवढाच माझा पसारा. लांबून पाहिलं तर एखादं जनावर पाठ वर काढून झोपलंय असं वाटतं. जवळ आलात आणि हातात गाडीचं चाक असलं, की मात्र भल्याभल्यांचे पाय ब्रेक शोधायला लागतात.

आधीच सांगून टाकतो, मी फारसा कुणाला आवडत नाही. मैदानावर पांढऱ्या रेषा आहेत, वळणं आहेत, गाडी मागे घेऊन लावायची चौकट आहे. त्यांना कुणी नावं ठेवत नाही. मला मात्र पोरांनी नावच ठेवलं. 'चढ कसला, छळ आहे,' असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि तेव्हापासून माझं नाव छळच पडलं. "आज छळावर नंबर आहे," असं एकमेकांना सांगत ती माझ्यासमोर रांगेत उभी राहतात. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका पुलामुळे झाला. आमच्या गावाचे दोन भाग आहेत आणि मधून नदी जाते. जुना पूल बसका होता. पाणी वाढलं की तो बुडायचा. मग नवा पूल बांधला आणि पाणी लागू नये म्हणून चांगला उंच बांधला. पूल उंच झाला, तसा त्यावर जाणारा रस्ताही उभा झाला. आणि त्या चढाच्या अगदी माथ्यावर कुणाच्या तरी डोक्यातून सिग्नल बसवायची कल्पना निघाली. झालं, लाल दिवा लागला की गाड्या चढावरच थांबायच्या. हिरवा लागला की सराईत चालक पुढे निघायचे आणि नवशिके आधी थोडे मागे सरकायचे. चढाच्या पायथ्याशी दुकानं होती. सायकलवाल्याचं, औषधांचं आणि एका शिंप्याचं. एका सकाळी सामान भरलेला टेम्पो मागे सरकत आला तो थेट शिंप्याच्या दुकानात शिरला. शिंपी वाचला, पण त्याचं एक पाऊल गेलं. पायाने मशीन चालवणारा माणूस त्या दिवसापासून हाताने मशीन चालवायला लागला. टेम्पो चालवणाऱ्या मुलाच्या खिशात नवाकोरा परवाना होता. त्याने कधी चढावर गाडी थांबवूनच पाहिली नव्हती, कारण परीक्षेचं मैदान तेव्हा पाटासारखं सपाट होतं.

तेव्हाचे साहेब, ज्यांना इथले लोक अजून 'पहिले साहेब' म्हणतात, ते एक फळी, एक दोरी आणि एक वजन घेऊन पुलावर गेले. त्यांनी त्या रस्त्याचा उतार मोजला आणि गवंड्याला बोलावून सांगितलं की अगदी असाच चढ मला मैदानात हवा. गवंडी कामाला मुरलेला होता. तो म्हणाला, साहेब, हा फार उभा होईल, पोरांना जड जाईल, थोडा बसका करू. पहिल्या साहेबांनी त्याला एवढंच विचारलं, की पूल बसका करता येईल का? गवंड्याने मान हलवली आणि घमेलं उचललं. अशा रीतीने माझा जन्म झाला. पूल आणि मी सख्खे भाऊ आहोत. त्याच्या पाठीवरून गाव जातं, माझ्या पाठीवरून गावाची पोरं.

माझ्यावरची परीक्षा फार सोपी दिसते. अर्ध्यावर एक पांढरी रेषा आहे. तिथे गाडी थांबवायची. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवतात. मग गाडी पुन्हा सुरू करून पुढे न्यायची. डबा जसाच्या तसा राहिला की पास. चुरगळला की नापास. तिथे ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, रडणं तर अजिबात चालत नाही. डब्याचा आवाज पार कार्यालयाच्या खिडकीपर्यंत जातो. तो आवाज माझा नाही, पण शिव्या मात्र मला बसतात.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. माझ्यावर पास झालेली माणसं मिशीला पीळ देत सांगायची, की आम्ही त्या चढावरचे आहोत. तेव्हा गावात गाडी शिकवणारा एकच माणूस होता, त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर तरुण होता आणि शिकवण्याची त्याला खरी आवड होती. सुट्टीच्या दिवशी तो एकेका विद्यार्थ्याला माझ्याकडे घेऊन यायचा आणि तास तास माझ्या पाठीवर घालवायचा. "कान गाडीकडे ठेव," असं तो सांगायचा. "आवाज जड झाला म्हणजे गाडी पुढे जायला मागतेय. मग ब्रेक सोड. घाई तुला आहे, गाडीला नाही." मला तो फार आवडायचा. त्याची पोरं डबा पाडतसुद्धा नसत.

पुढे गाव वाढलं. मास्तरची एक गाडी होती, त्याच्या अनेक गाड्या झाल्या. दारावर मोठी पाटी लागली. लोकांना घाई होती आणि मास्तरने ती घाई विकायला काढली. थोडक्या दिवसांत गाडी शिका, परवाना हातात. असा एका दिवसात कुणी बिघडत नाही, मित्रांनो. तोही हळूहळूच बिघडला. आधी सुट्टीचे तास गेले. मग पावसातलं चालवणं गेलं. मग माझ्याकडे येणं गेलं. शेवटी परीक्षेच्या आदल्या दिवशी घाईघाईने एकदा चढवून न्यायचं, एवढंच उरलं. माझी पांढरी रेषा पुसट झाली. माझ्या कुशीत एक भेग पडली आणि तिच्यात गवत उगवलं. ते काढायला कुणी आलं नाही.

त्याच सुमारास नव्या परीक्षक बाई आल्या. किरकोळ अंगाच्या, आवाज बारीक, पण नजर अशी की गाडी आपोआप रेषेवर थांबावी. पोरांनी त्यांना ब्रेकबाई म्हणायला सुरुवात केली. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ब्रेकबाई त्या सीटवर बसल्या की दोन्ही पाय आखडून मागे घ्यायच्या आणि मुलांना दिसतील असे ठेवायच्या. डबा वाजला की मगच त्यांचा पाय पुढे जायचा. आल्या आल्या त्यांनी स्वतः रंगाचा डबा आणून माझी रेषा ठळक करून घेतली. मला फार बरं वाटलं. पण त्यानंतर नापास होणाऱ्यांची रांग वाढली, आणि माझ्यावरचा रागही.

आता जिची गोष्ट सांगायची आहे ती येते. शाळेची व्हॅन चालवणारे एक गृहस्थ होते, त्यांची ही धाकटी मुलगी. घरी तिला धाकटीच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो क्लचचा गुडघा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता रोज शाळेची पोरं घेऊन फिरणं जमणार नाही. थोरली लग्न होऊन गेलेली. व्हॅनवर तात्पुरते एक चुलते बसले होते आणि त्यांना ती कायमची हवी होती. धाकटीने ठरवलं की व्हॅन आपण चालवायची. पण मोठ्या वाहनाचा परवाना पुढची गोष्ट, आधी साधा परवाना तर हवा. म्हणून तिने मास्तरच्या गाडी शिकवायच्या शाळेत नाव घातलं.

पहिल्यांदा ती माझ्यावर आली तेव्हा ऐटीत आली. वळणं झाली, चौकट झाली, हे काय अवघड, अशा चेहऱ्याने ती रेषेवर थांबली. ब्रेकबाईंनी पाय मागे घेतले. धाकटीने ब्रेक सोडला आणि डबा वाजला. तिला कळेचना की काय झालं. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गाडी मागे सरकली तेव्हा तिने खाली पाहिलं, आधी आपल्या पायांकडे आणि मग ब्रेकबाईंच्या मागे घेतलेल्या पायांकडे. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. मास्तर शेजारी बसायचे तेव्हा गाडी कधीच मागे सरकली नव्हती. ती धरून ठेवत होती म्हणून नव्हे. मास्तरचा पाय धरून ठेवत होता म्हणून.

ती गाडीतून उतरली आणि तिने मला एक लाथ घातली. मला काही झालं नाही, तिला मात्र बरंच लागलं असावं, कारण पुढचं बोलताना ती एका पायावर उभी होती.

"मॅडम, नापास करणं तुम्हाला छान जमतं," ती म्हणाली. "मास्तर शिकवत नाहीत आणि तुम्ही नुसता डबा ठेवता. मग मी शिकायचं कुठे?"

रांगेतली पोरं ऐकायला पुढे सरकली. ब्रेकबाई आपल्याशी असं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, शिकवणं माझ्या कामात बसत नाही. आणि मग थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "पण तू बोलतेस ते खोटं नाही." एवढं म्हणून त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

मित्रांनो, मी त्या दिवशी लाथ विसरलो. ती खरं बोलली होती. मी चढ आहे. मला शिकवता येत नाही. मी फक्त विचारू शकतो.

इकडे मास्तरच्या शाळेची घडी विस्कटायला लागली होती. पोरं नापास होतात, पालक येऊन भांडतात. मास्तरने गाडी शिकवणाऱ्या आणखी दोन-चार शाळावाल्यांना गाठलं आणि सगळे मिळून वरच्या कचेरीत गेले. म्हणणं काय, तर हा चढ जुनाट आहे, अन्यायकारक आहे, इतका उभा चढ हवाच कशाला, मैदानात गाड्या लावायला जागा अपुरी पडते, हा काढून सपाट करा. वरच्यांना गाड्या लावायला जागा हवीच होती. हुकूम निघाला. एका सकाळी दोन माणसं आली आणि त्यांनी माझ्या दोन्ही तोंडांशी दोर बांधला. पुढच्या आठवड्यात यंत्र येऊन मला उकरून काढणार असं ठरलं. तोवर माझ्यावर गाडी घालायची नाही. परीक्षा सपाट मैदानावर.

माझी अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करा. पण मी घाबरलो नाही, चिडलो. दगडाला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी दुपारच्या उन्हात माझ्यावर हात ठेवून पाहावा.

त्या संध्याकाळी मास्तरने धाकटीला मैदानात गाठलं आणि आनंदाची बातमी दिली. येत्या सोमवारी ये, चढ नाही, डबा नाही, दहा मिनिटांत परवाना. तिचा चेहरा खुलला. बाबा तिच्यासोबत आले होते, काठी टेकत. मास्तर गेल्यावर ते माझ्या कडेवर बसले. धाकटीच बोलत राहिली. सोमवारी हे होईल, मग पुढचा परवाना, मग काकांना सांगता येईल की व्हॅन परत द्या.

"सोमवारी तू पास होशील, त्यात काही शंका नाही," बाबा शेवटी म्हणाले. "पण पुलावरच्या सिग्नलला तुझ्यामागे कुणी डबा ठेवणार नाही. तिथे कुणीतरी उभं असेल. आणि तुझ्या गाडीत पोरं असतील."

धाकटी चिडली. तिने विचारलं, की मग मी काय करू, घरी बसू? बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला, उठले आणि मैदानाच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेल्या राखणदाराकडे गेले. दोघांची जुनी ओळख होती, राखणदाराची नात त्यांच्याच व्हॅनमधून शाळेत जायची. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण राखणदार उठला, त्याने आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसून मोठ्याने जाहीर केलं की त्याला आज मैदानातलं काहीएक दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कार्यालय बंद झालं की व्हॅन मैदानात यायची. काकांनी ती द्यायला कुरकुर केली, पण संध्याकाळी ती रिकामीच उभी असे. बाबा दोर सोडायचे आणि बाजूला गुंडाळून ठेवायचे. शिकाऊ परवाना धाकटीकडे होता आणि शेजारी बाबा. त्या व्हॅनमध्ये दुसरा ब्रेक नव्हता. होता तो फक्त हातब्रेक आणि त्यावर बाबांचा हात. पहिल्या दिवशी व्हॅन इतक्यांदा मागे सरकली की माझी पाठ घासून निघाली. बाबा ओरडले नाहीत. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावायचे. थांब, हातब्रेक ओढ, क्लच सोडत ये, गाडीचं नाक जरा उचललं जातं ते अंगाला कळू दे, आणि मगच हातब्रेक सोड. गाडी बंद पडली तर पडू दे. बंद पडलेल्या गाडीने आजवर कुणाला मारलेलं नाही, मागे सरकलेल्या गाडीने मारलंय, असं ते म्हणायचे.

कितव्या तरी संध्याकाळी बाबांनी हातब्रेकवरचा हात काढून आपल्या मांडीवर ठेवला. धाकटीला ते लगेच कळलं, कारण तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. व्हॅन क्षणभर थरथरली आणि केसभरही मागे न सरकता वर गेली. माथ्यावर जाऊन थांबली.  खाली राखणदार भिंतीकडे तोंड करून म्हणाला, आवाजावरून तर जमलेलं दिसतंय.

सोमवार उजाडला. मैदानात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती, कारण चढ नाही ही बातमी सगळीकडे पसरली होती. मास्तर पांढराशुभ्र सदरा घालून आला होता. ब्रेकबाई आल्या, हातात पत्र्याच्या रिकाम्या डब्यांची पिशवी. त्यांनी सगळ्यांना वळणं आणि चौकट मैदानातच करायला लावली. ते झाल्यावर त्यांनी सांगितलं, की आता सगळ्यांनी शिकवणाऱ्यांना चालवायला देऊन आपापल्या गाड्या पुलाकडे आणा.

मास्तर धावत आला. "मॅडम, चढ बंद आहे ना?"

"तुमचा बंद आहे," ब्रेकबाई म्हणाल्या. "गावाचा चालू आहे. नियमात चढावर गाडी सुरू करायची असं म्हटलंय. कुठल्या चढावर ते नाही म्हटलं."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी जागचा हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या दिवशी पुलावर असलेली इतकी माणसं नंतर माझ्या कडेवर बसून तेच तेच सांगून गेली, की मला सगळं पाठ झालं आहे.

पुलाच्या चढाचा अर्धा रस्ता वाहतूक पोलिसाने केशरी शंकू लावून मोकळा केला होता. बाईंनी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्या अर्ध्या रस्त्यावर मागे कुणीही उभं राहणार नाही याची त्यांनी आधी खात्री केली, खडूने रेषा ओढली आणि पहिला डबा ठेवला. पहिला मुलगा आला. डबा वाजला. दुसरा आला, वाजला. एका मुलीने गाडी सुरू केली ती इतकी मागे गेली की बाईंना लगेच ब्रेक दाबावा लागला. दुसऱ्या बाजूने जाणाऱ्या बसमधून लोक माना बाहेर काढून बघत होते. दुकानदार बाहेर आले. औषधवाल्याने हाताची घडी घातली. सायकलवाल्याने आपल्या दारापासून डब्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं आणि तो दारातल्या सायकली आत घेऊ लागला.

चार-पाच डबे चुरगळल्यावर नापास झालेल्या एका मुलाचं डोकं फिरलं. त्याने गाडीचं दार आपटलं आणि विचारलं, की ही परीक्षा आहे की तमाशा? शिंपी आपल्या दाराशी खुर्ची घेऊन बसला होता. केस पांढरे झाले होते, पण माणूस तोच. त्याने त्या मुलाला जवळ बोलावलं. मुलगा गेला. शिंप्याने विजारीचा पाय वर घेतला नाही, काही नाही, फक्त आपल्या हाताने चालणाऱ्या मशीनकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बाळा, डबा दुसरा आणता येतो." मुलाने मशीनकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि तो तिथेच पायरीवर बसून राहिला.

मग धाकटीची पाळी आली. गाडी मास्तरचीच होती. तिने आरसे सारखे केले, चाक धरलं. ब्रेकबाईंनी पाय मागे घेतले. धाकटीने हातब्रेक ओढला, क्लच सोडायला घेतला आणि घाईत तो जास्त सुटला. गाडी गचका खाऊन बंद पडली. गर्दीतून कुणीतरी हसलं. पण गाडी जागची हलली नव्हती आणि डबा शाबूत होता. ती घाबरली नाही. तिने पुन्हा गाडी सुरू केली. या वेळी तिने घाई केली नाही. इतका वेळ थांबली की लोकांना वाटलं हिला जमत नाहीये. मग गाडीचं नाक जरा उचललं गेलं आणि गाडी वर निघाली, सरळ, सिग्नलपर्यंत. ती गेल्यावर वाऱ्याने डबा आडवा झाला. "नापास," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळी गर्दी हसली. ब्रेकबाईसुद्धा हसल्या, असं सांगतात. मी ते कधी पाहिलेलं नाही, म्हणून त्याची हमी देत नाही.

परत येताना मास्तरच्या गाडीत त्याचे तीन विद्यार्थी होते. त्यातल्या एकाने विचारलं, की सर, आजवर ब्रेक तुम्हीच धरत होतात का? मास्तरने आरसा सारखा केला.

त्यानंतरही यंत्र आलंच, मित्रांनो. हुकूम निघालेला होता, तो असा एका सकाळच्या हसण्याने थोडाच थांबतो? मोठं पिवळं धूड माझ्या पायथ्याशी येऊन उभं राहिलं. पण यंत्राच्या पुढे शिंपी खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या शेजारी औषधवाला, सायकलवाला, बाबा काठीसह आणि धाकटी. ब्रेकबाई तिथे नव्हत्या. सरकारी बाईंना असं बसता येत नाही. त्या खिडकीत उभ्या होत्या. यंत्रावरच्या माणसाने खाली वाकून पाहिलं आणि हे काय चाललंय असं विचारलं. शिंप्याने त्याला शांतपणे विचारलं, की तुझा परवाना कुठला? तो म्हणाला, इथलाच. या चढावरच मिळाला, दोनदा नापास होऊन. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्याने यंत्र बंद केलं, वर फोन लावला आणि सांगून टाकलं की इथे माणसं बसली आहेत, मी माणसांवर यंत्र घालत नाही. मग डबा उघडून जेवायला बसला.

हुकूम रद्द झाला नाही. तो 'पुढील आदेशापर्यंत स्थगित' झाला. म्हणजे तो कुठल्यातरी कपाटात आहे आणि कधीही बाहेर येऊ शकतो. पण माझ्या तोंडाचे दोर निघाले. ब्रेकबाईंनी वर लिहून भांडून भांडून एक गोष्ट करून घेतली. सुट्टीच्या दिवशी मैदान शिकणाऱ्यांसाठी उघडं असतं. बाबा काठी घेऊन येतात आणि ज्याला हवं त्याला शिकवतात. पाऊस असला तरी येतात, उलट पाऊस असला की आवर्जून येतात, कारण ओला चढ वेगळाच असतो. ज्या मुलाला शिंप्याने मशीन दाखवलं होतं, तो पहिल्याच सुट्टीला आला होता. त्याला पास व्हायला बराच वेळ लागला. त्याने तक्रार केली नाही.

मास्तरचं म्हणाल, तर तो काही रातोरात देवमाणूस झाला नाही. पण पुलावरचा प्रकार गावभर झाला होता. पालक त्याच्या दारात येऊन विचारायला लागले, चढ शिकवता का, पावसात चालवायला लावता का, शेवटी शेवटी तुमचा पाय ब्रेकवरून काढता का? गिऱ्हाईक विचारायला लागलं की सुबुद्धी लवकर सुचते. त्याने दिवस वाढवले. एका सुट्टीला तो स्वतः विद्यार्थ्याला घेऊन माझ्याकडे आला. "कान गाडीकडे ठेव," असं तो म्हणताना मी ऐकलं आणि त्याला माफ करावं की नाही, याचा अजून विचार करतो आहे.

धाकटी आता शाळेची व्हॅन चालवते. मोठा परवाना मिळायला तिला आणखी मेहनत करावी लागली, काकांशी दोन हात करावे लागले, ते सगळं तिने केलं. ब्रेकबाईंची बदली झाली. जाताना त्या माझ्या कडेवर क्षणभर बसल्या आणि कुशीतल्या भेगेतलं गवत उपटून गेल्या.

मित्रांनो, तुम्ही आज लहान आहात, पण लवकरच कुणीतरी तुमच्या हातात गाडीची किल्ली देणार आहे. तेव्हा, परवाना किती दिवसांत मिळेल, हे विचारू नका. मला काय काय येतं, हे विचारा. चढावर थांबलो का, पावसात चालवली का, समोर अचानक कुणी आलं तर काय करायचं हे कुणी करून दाखवलं का, आणि शेजारच्याचा पाय ब्रेकवर नसताना गाडी माझी होती का? शिकवणारा कंटाळा करत असेल तर त्याच्या मागे लागा. धाकटीसारखं तोंडावर बोला. दादा, ताई, मामा, कुणीही नवीन गाडी शिकत असेल तर त्यालाही हेच विचारा, मग कुणी चिडलं तरी चालेल. माझ्या भेगा बुजवा, माझी रेषा रंगवा, माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी या. मला लाथ मारायची तर खुशाल मारा. फक्त मला सोपा करा, असं म्हणू नका. पूल सोपा होणार नाही.

काल फाटकाशी राखणदार कुणाला तरी सांगत होता, की वरून नवे साहेब येणार आहेत, फीत घेऊन, जागा मोजायला. गाड्या लावायला पुन्हा जागा कमी पडते आहे म्हणे.

येऊ देत. लांबी मोजा, रुंदी मोजा, उंची मोजा. मी होतो तेवढाच उभा आहे.